चपलेची कड आणि गोंड्याचे धागे: फोटोतला मास्क कसा चालतो

कोल्हापुरी चपलेचा फोटो ऑनलाइन विक्रीसाठी पांढऱ्यावर काढायचा आणि सणाच्या जाहिरातीत तीच चप्पल गडद मरून रंगावर ठेवायची, हे काम कोल्हापुरात सतत लागतं. गडद रंगावर ठेवली की चपलेभोवती पांढरी कड उठून दिसते. मग बहुतेक जण फोटोशॉपमधला फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, वाढवतात. कड पसरते, पण जात नाही.

ती का जात नाही हे कळायला मास्क आतून पाहावा लागतो. मास्क म्हणजे फोटोएवढ्याच मापाचं एक राखाडी चित्र. आठ बिटच्या फाइलमध्ये त्यातल्या प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. ० म्हणजे काळा, तिथलं सगळं झाकलेलं; २५५ म्हणजे पांढरा, सगळं उघडं; मधले आकडे म्हणजे अर्धवट. सिलेक्शन, म्हणजे निवडलेला भाग, हाही आतून हेच असतो, फक्त तात्पुरता. पडद्यावर सरकणारी तुटक रेषा ५० टक्क्यांची सीमा तेवढी दाखवते. तिच्या दोन्ही बाजूंना मऊ भाग किती पसरलाय हे ती सांगत नाही. म्हणून रेषेवर विसंबू नये. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो. काम तपासायचं ते तिथे.

आता चपलेच्या कडेचा एकच पिक्सेल घेऊ. एका चॅनेलमध्ये (फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांपैकी एकाच्या आकड्यांत) चामड्याचा आकडा १५०, मागच्या पांढऱ्याचा २५०. कडेच्या पिक्सेलमध्ये ६० टक्के चामडं आणि ४० टक्के पांढरं आलं, तर त्याचा आकडा ढोबळमानाने १९० होतो. मास्कने तिथे ६० टक्के, म्हणजे १५३, हा आकडा अगदी बरोबर दिला असं समजू. नवी पार्श्वभूमी ३० ची आहे. हिशेब होतो १९० चे ६० टक्के अधिक ३० चे ४० टक्के, म्हणजे १२६. खरं तर हवे होते १०२, कारण ६० टक्के घ्यायचे ते निव्वळ चामड्याच्या १५० चे. मास्क अचूक असूनही पिक्सेलच्या रंगात जुनं पांढरं मुरलेलं राहिलं. ते वरचे २४ म्हणजेच ती कड. फेदर फक्त मास्क धूसर करतो, रंगाला हात लावत नाही.

त्यामुळे उपाय दोनच. कडक कडेला मास्क एक-दोन पिक्सेल आत ओढायचा, किंवा कडेचा रंगच बदलायचा. ‘सिलेक्ट अँड मास्क’मधलं ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ दुसरं काम करतं. ते पिक्सेल बदलत असल्यामुळे निकाल नव्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, देतं. मूळ लेयर तसाच ठेवावा.

चपलेत कडक आणि मऊ अशा दोन्ही तऱ्हेच्या कडा असतात, आणि इथेच एका टूलने सगळं उरकण्याची घाई नडते. तळ, टाच, कान आणि पट्टा यांना पेन टूलच घ्यावं. त्याने आखलेली रेषा, म्हणजे पाथ, चामड्याच्या किंचित आतून न्यावा आणि सिलेक्शन करताना फेदर ०.५ पिक्सेल ठेवावा. पट्ट्याखालची फट आणि अंगठ्याच्या वाटोळ्यातली पोकळी वेगळे पाथ करून वजा करायची. ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ची आपोआप केलेली निवड याच जागी हमखास चुकते.

गोंड्याला मात्र पेन टूल नको, धागे कापल्यासारखे दिसतात. गोंडा लाल असेल तर चॅनेल पॅनेल उघडा. रेड चॅनेलमध्ये लाल गोंडा आणि पांढरी पार्श्वभूमी दोन्ही उजळ, म्हणजे उपयोग शून्य. ग्रीन किंवा ब्लूमध्ये गोंडा काळपट आणि मागचं पांढरं दिसेल. त्याची प्रत काढा, कंट्रोल-आय दाबून उलटी करा आणि लेव्हल्सने (उजळ-गडदपणा बदलणाऱ्या सोयीने) पार्श्वभूमी काळी होईपर्यंत काळा स्लायडर आत आणा. पांढरा स्लायडर जपून हलवा; फार ओढला तर धाग्यांच्या टोकांचे राखाडी आकडे सरळ २५५ होतात आणि गोंडा जाड दिसतो. हा तुकडा मुख्य मास्कमध्ये फक्त गोंड्याच्या जागी घ्यायचा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत उधळलेला गुलाल तर जवळजवळ सगळाच राखाडी मास्कचा विषय. सारख्या रंगाचा भाग एका क्लिकमध्ये निवडणारं मॅजिक वाँड तिथे ढलपे पाडतं. निळ्या आकाशासमोर गुलाल असेल तर चॅनेलची निवड उलटी होते: रेडमध्ये गुलाल उजळ, आकाश गडद, म्हणजे मास्क निम्मा तयारच. सासनकाठ्या आणि माणसं तेवढी ब्रशने सावरायची.

हे सगळं मूळ फाइलवरच करावं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या जेपेगमध्ये रंगाची माहिती सहसा आडवी-उभी निम्मीच साठवलेली असते, त्यामुळे लाल गोंड्याची कड चॅनेलमध्ये चौकटी-चौकटी दिसते. फेदरही पिक्सेलमध्ये मोजला जातो: ६००० पिक्सेल रुंद फोटोवरचा २ चा फेदर १२०० पिक्सेलच्या फोटोवर ०.४ ला पुरतो. जुना आकडा तसाच वापरला तर कड पाचपट मऊ होते. काम संपल्यावर पीएसडी किंवा लेयरसह टिफ ठेवा. जेपेगमध्ये मास्क राहत नाही.