मुरणे, झिरपणे आणि घुसणे

मे महिन्यात निफाडकडच्या काळ्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचा पहिला पाऊस त्या गटागटा पितात; मात्र थोड्याच वेळात मातीतील चिकण कण फुगतात, भेगा मिटतात आणि त्याच शेतात पाणी साचू लागते. जमिनीच्या पृष्ठभागातून पाणी आत शिरण्याच्या या क्रियेला जलशास्त्रात इन्फिल्ट्रेशन म्हणतात. शेतकरी तिला ‘मुरणे’ म्हणतो आणि मला हाच शब्द अधिक नेमका वाटतो, कारण मुरलेले पाणी पुढे खडकाकडे उतरते त्याला मराठीत ‘पाझरणे’ हा वेगळा शब्द आहे.

मुरण्याचा वेग मोजण्यासाठी 30 आणि 60 सेंटिमीटर व्यासाची दोन लोखंडी कडी एकात एक ठेवून जमिनीत ठोकतात, दोन्हींत पाणी भरतात आणि आतल्या कड्यातील पातळी किती उतरते ते घड्याळ लावून पाहतात. बाहेरच्या कड्यातील पाणी बाजूंना पसरते, त्यामुळे आतले बहुतांशी सरळ खाली जाते. सुरुवातीचा चढा वेग हळूहळू स्थिरावतो. चिकणमातीत तो तासाला जेमतेम 1 ते 5 मिलिमीटर उरतो, तर वाळूत 30 मिलिमीटरहून अधिक राहतो. पाऊस त्याहून जोराचा असेल, तर उरलेले पाणी गोदावरीची वाट धरते.

इन्फिल्ट्रेशन हा शब्द दंतवैद्यही वापरतात. वरच्या जबड्याचे बाहेरचे हाड पातळ व सच्छिद्र असल्याने हिरडीजवळ टोचलेले लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध त्यातून झिरपून दाताच्या मुळाशी पोहोचते. खालच्या दाढांपाशी हाड घट्ट असते, म्हणून तेथे मुख्य मज्जातंतूजवळच इंजेक्शन द्यावे लागते. फरक मुरूम आणि कातळ यांच्यातलाच आहे. सलाईनची सुई शिरेबाहेर निसटून हात सुजतो आणि गार लागतो, तेही इन्फिल्ट्रेशनच. छातीच्या एक्स-रे अहवालातील ‘इन्फिल्ट्रेट’ हे मात्र रोगाचे नाव नाही. फुप्फुसात हवेच्या जागी पू, पाणी किंवा पेशी भरल्याची ती केवळ सावली असते आणि तिचे कारण शोधायचे बाकी असते.

लष्करी अर्थाने हा शब्द म्हणजे घुसखोरी. पहिल्या महायुद्धात, 1918च्या वसंतात जर्मन तुकड्यांनी पश्चिम आघाडीवर भक्कम ठाणी टाळून कच्च्या जागांतून मुसंडी मारली होती. इथे हेतू असतो, पाण्याला तो नसतो. वाट मात्र दोघेही फटीतूनच काढतात. भुयारी गटारांच्या सैल सांध्यांतून भूजल आत शिरते, त्यालाही अभियंते इन्फिल्ट्रेशन म्हणतात, आणि भर पावसाळ्यात मलजल केंद्राकडे येणारा प्रवाह वाढला की पाणी नेमके कुठे मुरते आहे, याचा शोध त्यांना अक्षरशः घ्यावा लागतो.