वयस्क घोड्याचा दम आणि वयस्क घोड्याचे पाय

पंधरा-सोळा वर्षांच्या घोड्याला लांब पल्ल्याच्या, म्हणजे एन्ड्युरन्सच्या, शर्यतीसाठी पहिल्यांदाच तयार करताना त्याचा दम आणि त्याचे पाय या दोन गोष्टी एकच धरल्या जातात, आणि नुकसान बहुधा तिथूनच सुरू होते.

दम म्हणजे हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांची तयारी. नियमित कामाने ती काही आठवड्यांत दिसू लागते आणि मोजताही येते. विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४ असणारे ठोके दुडकीनंतर किती लवकर खाली येतात, हे स्टेथोस्कोपने कळते. आंतरराष्ट्रीय शर्यतींत टप्पा संपल्यावर ठरलेल्या मिनिटांत ते ६४ पर्यंत किंवा त्याखाली उतरावे लागतात. पूर्वी भरपूर काम केलेल्या घोड्याचा दम तर लवकर परत येतो, आणि मालकाला वाटते की घोडा तयार झाला.

पायांचे तसे नाही. हाडे भार ओळखून घट्ट होतात, पण त्याला अनेक महिने लागतात. कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांचा, रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, आणि वाढ पूर्ण झाल्यावर व्यायामाने त्या फारशा बळकट होत नाहीत. उलट वयाबरोबर त्यांत बारीक झीज साचत जाते. म्हणून माझ्या मते वयस्क घोड्याच्या बाबतीत कंडरा ‘कमावण्या’पेक्षा जपण्याचा विचार आधी करावा. मोठ्या शर्यतींत घोडे बाद होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण लंगडणे हेच असते.

पायांची परीक्षा काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घोडा तबेल्याबाहेर काढण्यापूर्वी करावी. मागच्या दोन्ही पायांना सारखी, थंड सूज असेल आणि थोडे चालवल्यावर ती उतरत असेल, तर ती बहुधा उभे राहून आलेली असते. एकाच पायाची कंडरा गरम लागली किंवा दाबताच घोड्याने पाय आखडला, तर काम थांबवून पशुवैद्यांना बोलवावे. नंतर कठीण, सपाट जमिनीवर हाताने दुडकवून पाहावे: पुढच्या दुखऱ्या पायावर भार येताना घोडा डोके वर उचलतो. ठोके उत्तम असतानाही हे दिसू शकते.

नाशिककडे वरातीत वर्षानुवर्षे चाललेली घोडी घेतली, तर तिला डांबराची सवय असते, पण सलग दुडकीची नसते. तिच्यासाठी गंगापूर धरणाच्या बाजूचे मुरमाड रस्ते बरे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात तिला पळवू नये, कारण रुतलेला पाय उपसताना कंडरेवर ताण येतो. सुरुवातीचे काही महिने बहुतेक काम चालीचेच ठेवावे, आणि पुढे अंतर वाढवले त्या आठवड्यात वेग वाढवू नये. उन्हाळ्यात मात्र पाय ठीक असूनही ठोके उतरायला वेळ लागतो, तेव्हा काम पहाटेच उरकावे आणि मीठ-पाण्याकडे लक्ष द्यावे.