हॉर्मोनची क्रीम लावण्याआधी ट्यूब वाचा

मेनोपॉजच्या त्रासावर हॉर्मोनची क्रीम सुरू करावी का, हा प्रश्न आधी थोडा फोडून पाहायला हवा. या एकाच नावाखाली निदान तीन निरनिराळी औषधं मिळतात आणि एकीचं काम दुसरीकडून होत नाही. ट्यूबमध्ये कोणतं हॉर्मोन आहे, किती आहे आणि ते रक्तात पोहोचतं की लावल्या जागीच राहतं, हे कळल्याशिवाय बोटावर क्रीम घेऊ नये.

पाळी जाण्याआधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन हे मुख्य स्त्री-हॉर्मोन संथपणे उतरत जात नाही. एका महिन्यात ते नेहमीपेक्षाही वर उसळतं, पुढच्या महिन्यात कोसळतं. म्हणूनच पंचेचाळिशीपुढे लक्षणं स्पष्ट असतील, तर निदानासाठी रक्ततपासणीची सहसा गरज पडत नाही. आज आलेला आकडा महिन्याभराने बदललेला असतो. ‘हॉर्मोनचं संतुलन’ मोजून देण्याच्या नावाखाली लाळेच्या तपासण्या विकल्या जातात, त्यांवरून तर औषधाची मात्रा ठरवूच नये. डॉक्टर मात्रा ठरवतात ती त्रास किती कमी झाला यावरून.

अचानक अंगाचा भडका उडतो, त्यामागे मेंदूतला हायपोथॅलॅमस, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणारा भाग असतो. तिथल्या काही चेतापेशींना इस्ट्रोजेन आवर घालत असतं. ते घटलं की या पेशी चेकाळतात आणि शरीराच्या तापमानात झालेला किंचितसा बदलही मेंदूला असह्य वाटू लागतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम फुटतो, मागोमाग थंडी वाजते. हे थांबवायचं तर इस्ट्रोजेन रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचायला हवं.

त्वचेतून ते पोहोचतंही. इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनच्या मुख्य प्रकाराचा रेणू लहान असतो आणि तो स्निग्धात विरघळतो, त्यामुळे त्वचेचा वरचा थर ओलांडून तो रक्तात उतरतो. या कामासाठी प्रमाणित मात्रेची जेल आणि पॅच मिळतात. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेची वाट यकृताचा हा पहिला फेरा टाळते, म्हणून नेहमीच्या मात्रेत गुठळ्यांचा धोका वाढल्याचं दिसत नाही. हा फायदा फार मोलाचा आहे.

तरीही हॉर्मोनची भीती मनात घट्ट बसली आहे. तिचं मूळ २००२ साली थांबवलेल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासात सापडतं. त्यातल्या १६,६०८ स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३, आणि औषध होतं घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हॉर्मोन) यांची गोळी. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त आढळले. हा धोका खरा आहे, तो झाकू नये. पण साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रीचं गणित बरंच वेगळं निघतं, हे त्याच आकडेवारीच्या पुढच्या विश्लेषणातून दिसलं.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. गर्भाशय असलेल्या बाईने अंगभर पोहोचणारं इस्ट्रोजेन एकटं घेतलं, तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कर्करोगही होऊ शकतो. त्याला लगाम घालतं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हॉर्मोन, पण ते कॅप्सूलमधून किंवा हॉर्मोन सोडणाऱ्या तांबीसारख्या साधनातून द्यावं लागतं. त्वचेवर लावायच्या प्रोजेस्टेरॉन क्रीममधून अस्तराच्या संरक्षणाला पुरेल इतकं औषध रक्तात जातं, असा भरवसा देता येत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून ही क्रीम जेलच्या जोडीला वापरणं घातक आहे, आणि अशी जोडी सर्रास सुचवली जाते याची मला चीड येते. रानटी कंदाच्या क्रीमची तर बातच वेगळी. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या अशा कंदांतल्या डायोस्जेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं खरं, पण ते प्रयोगशाळेत. आपल्या शरीराला ते रूपांतर जमत नाही.

योनीमार्गात लावायची कमी मात्रेची इस्ट्रोजेन क्रीम या सगळ्यापेक्षा वेगळी. कोरडेपणा, संबंधाच्या वेळचं दुखणं, लघवीची जळजळ, पुन्हापुन्हा होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग यांवर ती गुणकारी असते. रक्तात ती फारच थोडी जाते, त्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉनची सहसा गरज नसते. मात्र त्याच कारणाने तिने अंगाचे भडके शमत नाहीत. साधारणपणे सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा लावतात. पूर्ण गुण यायला तीनेक महिने लागू शकतात. भडके वर्षांनी का होईना ओसरतात, हा कोरडेपणा आपसूक जात नाही. कित्येक जणी संकोचापोटी तो सोसत राहतात, हे फार वाईट आहे.

त्वचेवरची जेल दंडावर किंवा मांडीवर लावावी, स्तनांवर कधीच नाही. हात लगेच धुवावेत, जेल वाळू द्यावी आणि मुलाला उचलून घेण्याआधी तो भाग कपड्याने झाकावा. स्पर्शातून औषध लागून लहान मुलांचे स्तन वाढल्याची उदाहरणं आहेत. स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा आजार झालेला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं. पहिले काही महिने थोडे डाग दिसू शकतात, पण रक्तस्राव जास्त झाला किंवा सहा महिन्यांनंतरही चालू राहिला तर तपासणी हवी. आणि कोणताही उपचार चालू नसताना, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी क्रीम सुरू करण्याआधी अस्तराची सोनोग्राफी करून घ्यावी.