ड्रॅगन असलेले चिनी वाक्प्रचार

चिनी भाषेत ड्रॅगनला 'लोंग' म्हणतात. हा शब्द ज्यांत येतो असे शेकडो ठरीव शब्दबंध चिनी बोलण्यात आणि लिहिण्यात रुळलेले आहेत. त्यांतले बहुतेक 'छंग-यू' या प्रकारात मोडतात. छंग-यू म्हणजे प्राचीन ग्रंथ, इतिहास किंवा कवितेतून आलेला, बहुधा चार अक्षरांचा, शब्दांची अदलाबदल न करता वापरायचा वाक्प्रचार. यांच्या जोडीला बोलीतल्या म्हणी आहेत. त्या लांब असतात आणि त्यांत थोडाफार फेरफार चालतो.

या वाक्प्रचारांतला ड्रॅगन सहसा प्राणी नसतो. तो कुठे बादशहा असतो, कुठे गुणी माणूस, कुठे डोंगररांग, कुठे कुंचल्याचा फटकारा, तर कुठे नुसती धावत्या घोड्यांची रांग. 'इथे ड्रॅगन म्हणजे कोण?' एवढे आधी ठरवले की निम्मा अर्थ लागतो. शब्दशः भाषांतर फसते ते इथेच.

लोंग आणि ड्रॅगन

युरोपीय कथांतला ड्रॅगन आग ओकतो आणि वीरांच्या हातून मरतो. लोंग पाण्याचा स्वामी आहे. तो ढगांत फिरतो, पाऊस पाडतो, नदी-समुद्राच्या तळाशी राहतो. आपल्याकडच्या नागाशी त्याचे नाते त्यामुळे अधिक जवळचे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादकांनी 'नाग' या शब्दासाठी 'लोंग'च वापरला. नागार्जुनाचे चिनी नाव 'लोंग-शू' असे झाले. लोंग म्हणजे नाग, आणि शू म्हणजे झाड, कारण अर्जुन हा वृक्षही आहे. मराठी वर्तमानपत्रे चीनला 'ड्रॅगन' म्हणतात तेव्हा त्यात फूत्कार आणि विळखा अभिप्रेत असतो. चिनी वाचकाला या शब्दात दरारा दिसतो, पण दुष्टपणा दिसत नाही.

जोडीदारावरून अर्थ

चार अक्षरांची घडण बहुधा दोन अधिक दोन अशी असते आणि ड्रॅगनबरोबर दुसरा प्राणी येतो. तो कोण, यावरून अर्थाची दिशा कळते. वाघ आला की बळ, चुरस किंवा धोका. 'शंग लोंग हुओ हू' (जिवंत ड्रॅगन, सळसळता वाघ) म्हणजे अंगात उत्साह मावत नसलेला. 'लोंग जंग हू दोउ' (ड्रॅगन-वाघाची झुंज) हा क्रीडापानावरचा आवडता मथळा आहे, आणि 'लोंग तान हू श्युए' (ड्रॅगनचा डोह, वाघाची गुहा) म्हणजे जिवावर बेतणारी जागा. फिनिक्स पक्षी आला की शुभकार्य किंवा कला. 'लोंग फंग छंग श्यांग' (ड्रॅगन-फिनिक्स मंगल आणोत) ही लग्नघरातली अक्षरे. मासा किंवा साप आला की उच्च-नीचाची सरमिसळ. 'यू लोंग हुन जा' म्हणजे मासे आणि ड्रॅगन एकाच पाण्यात. आपल्या 'हौशे, नवशे, गवशे'च्या जवळचा, पण त्यात 'सावध राहा' ही सूचना जास्त आहे. घोडा आला तर दमखम. 'लोंग मा जिंग-शन' हा वाक्प्रचार थांग काळातल्या ली यिंग या कवीच्या ओळीतून आला. त्याने तो वृद्ध मंत्र्याच्या तडफेसाठी वापरला होता, म्हणून आजही ज्येष्ठांना शुभेच्छा देताना तो शोभतो.

बुबुळ टिपणे: 'हुआ लोंग दिएन जिंग'

शब्दशः अर्थ 'ड्रॅगन रंगवून बुबुळ टिपणे'. कथा 6व्या शतकातल्या लिआंग राजवटीची. चित्रकार चांग सेंग-याओ याने जिनलिंगच्या (आजचे नानजिंग) आन-ल विहाराच्या भिंतीवर चार पांढरे ड्रॅगन काढले, पण डोळे ठेवले कोरे. 'डोळे काढले तर उडून जातील,' असे तो सांगे. लोकांना ते थोतांड वाटले आणि त्यांनी आग्रह धरला. त्याने डोळे टिपताच वीज कडाडली, भिंत फुटली आणि दोन ड्रॅगन ढगांवर स्वार होऊन निघून गेले. ज्यांचे डोळे काढायचे राहिले होते ते दोघे भिंतीवरच राहिले. ही हकिकत चांग यान-युआन याने 9व्या शतकात लिहिलेल्या चित्रकलेच्या इतिहासात आहे.

निबंधातले एखादे वाक्य, भाषणातला एखादा शब्द, चित्रातला एखादा ठिपका ज्यामुळे सगळे जिवंत होते, त्याला हा वाक्प्रचार लावतात. मराठीत याचे भाषांतर 'दुधात साखर' किंवा 'सोन्याहून पिवळे' असे करण्याचा मोह होतो. तो टाळावा. साखर नसली तरी दूध दूधच असते. डोळा नसलेला ड्रॅगन मात्र भिंतीवरचा रंग उरतो. आधीच चांगल्या गोष्टीत भर घालण्यासाठी चिनीत 'जिन शांग थिएन हुआ' (भरजरी कापडावर फुले काढणे) हा वेगळा वाक्प्रचार आहे. ज्या भरीने कामच बिघडते ती 'हुआ श थिएन झू', म्हणजे सापाच्या चित्राला पाय काढणे.

लिहिताना होणारी चूकही याच वाक्प्रचारात सर्वांत प्रसिद्ध. शेवटचे अक्षर 'जिंग' म्हणजे बुबुळ. त्याच्या डाव्या अंगाला 'डोळा' हे चिन्ह असते, पाच रेघांचे. त्यातली एक आडवी रेघ राहिली की ते चार रेघांचे 'सूर्य' चिन्ह होते, आणि अक्षर बदलून 'छिंग' म्हणजे निरभ्र हवा असे होते. उजवा भाग दोन्हींत तोच. त्यामुळे एका रेघेच्या आळसाने ड्रॅगनला डोळ्याऐवजी ऊन मिळते. चिनी शाळांत ही चूक पिढ्यान्‌पिढ्या लाल शाईने दुरुस्त होत आली आहे.

कथेच्या पलीकडे ही कृती खरोखर केली जाते. नव्या सिंहनृत्याच्या मुखवट्याचे आणि ड्रॅगन-नौकेच्या तोंडाचे डोळे कुंचल्याने, बहुधा लाल रंगाने, समारंभपूर्वक टिपतात. त्याआधी नौका शर्यतीत उतरवत नाहीत.

ये-कोंगचे प्रेम: 'ये कोंग हाओ लोंग'

छू राज्यातल्या ये या गावाचा अधिपती ये-कोंग ड्रॅगनवेडा होता. आकडीवर ड्रॅगन, छिन्नीवर ड्रॅगन, घराच्या कोरीवकामात ड्रॅगन. हे ऐकून स्वर्गातला खरा ड्रॅगन भेटीला उतरला. त्याने खिडकीतून डोके घातले आणि शेपूट दिवाणखान्यात पसरली. ये-कोंगचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो पाय लावून पळाला. ल्यू श्यांगच्या 'शिन-श्यू' या हान काळातल्या संग्रहात ही कथा कन्फ्यूशियसचा शिष्य झ-चांग याच्या तोंडी आहे. गुणी माणसांचा चाहता म्हणून प्रसिद्ध असलेल्या लू राज्याच्या आय राजाकडे तो आला, सात दिवस ताटकळला आणि राजाने भेट दिली नाही, तेव्हा हा टोला हाणून निघून गेला. टोल्याचा नेम कथेतल्या शेवटच्या वाक्यात आहे: ये-कोंगला ड्रॅगन आवडत नव्हता, ड्रॅगनसारखे दिसणारे, पण ड्रॅगन नसलेले आवडत होते.

'दुरून डोंगर साजरे' इथे पुरेसे नाही. त्या म्हणीत दोष अंतराचा आहे, इथे प्रेमाचा. राजकारणात हा वाक्प्रचार धारदार ठरतो. 1927 साली हुनानमधल्या शेतकरी चळवळीवरच्या अहवालात माओने तो राष्ट्रवादी नेता च्यांग काय-शेक याच्यावर वापरला: रोज 'जनतेला जागे करा' म्हणायचे आणि जनता उठली की घाबरायचे, हे ये-कोंगपेक्षा वेगळे काय?

उच्चारात दोन खाचा आहेत. 'हाओ' हा उतरत्या, चौथ्या सुरात म्हणायचा (आवडणे). तिसऱ्या सुरात म्हटला तर अर्थ 'चांगला' असा होतो. 'ये'चा जुना वाचनप्रघात 'श' असा होता, आज चीनमध्ये 'ये' रूढ आहे. या प्रकरणात खरा अन्याय ये-कोंगवर झाला. शन जू-लिआंग हे त्याचे नाव. इ.स.पू. 479 मध्ये छू राज्यातले बंड मोडून काढणारा हा कर्तबगार प्रशासक होता. पण हेनान प्रांतातल्या ये परगण्याबाहेर लोक त्याला पळपुटा म्हणूनच ओळखतात.

उलटलेले अर्थ

'छ्युन लोंग वू शोउ' म्हणजे ड्रॅगनांचा थवा, पण म्होरक्या नाही. आज याचा अर्थ निर्नायकी, सगळा सावळागोंधळ. मूळ वाक्य 'यी-जिंग' या प्राचीन शकुनग्रंथाच्या सहा रेघांच्या पहिल्या आकृतीत आहे आणि तिथे त्यापुढे 'शुभ' असा शब्द आहे. म्हणजे कोणी पुढारी नसलेले ड्रॅगन हे तिथे चांगले लक्षण. वापरात ही चार अक्षरे टिकली, 'शुभ' गळाले आणि अर्थ पालथा झाला. त्याच आकृतीत ड्रॅगनची चढण क्रमाने येते. पहिल्या रेघेवर 'छिएन लोंग वू योंग' (लपलेला ड्रॅगन, इतक्यात हालचाल नको), पाचवीवर 'फेइ लोंग झाय थिएन' (आकाशात उडणारा), आणि सहावीवर 'खांग लोंग योउ हुइ': फार उंच गेलेल्या ड्रॅगनला पश्चात्ताप. 'अति तेथे माती'च्या हा जवळ जातो, मात्र रोख सत्तेच्या शिखरावर बसलेल्यांकडे. पाचवी रेघ सर्वोत्तम, म्हणून बादशहाच्या पदाला 'नऊ-पाच' म्हणत (नऊ हा अखंड रेघेचा अंक).

'लोंग फेइ फंग वू' (ड्रॅगन उडतो, फिनिक्स नाचतो) हे सोंग काळातल्या सू श या कवीने डोंगररांगेसाठी लिहिले. आज ते जवळजवळ पूर्णपणे हस्ताक्षराला लागते. वळणदार सुलेखनाची ती स्तुती असते, आणि न लागणाऱ्या अक्षराची थट्टाही. कोणती ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे.

'लाय लोंग छ्यू माय' (येणारा ड्रॅगन, जाणारी शीर) हे शब्द फंग-श्वेइवाल्यांचे, म्हणजे चिनी वास्तुशास्त्र सांगणाऱ्यांचे. त्यांच्या मते डोंगररांग हा ड्रॅगन, त्याच्या अंगात शिरा, आणि घर किंवा कबर कुठे बांधायची हे त्या शिरेच्या प्रवाहावरून ठरवायचे. आज याचा अर्थ प्रकरणाची अथपासून इतिपर्यंत हकिकत. हे नाम आहे. 'समजून घेणे', 'शोधून काढणे' अशा क्रियापदांचे कर्म म्हणून ते बहुधा येते.

दरबार आणि धोका

हान फेइ-झ या विचारवंताने इ.स.पू. 3ऱ्या शतकात राजाला सल्ला देण्याच्या अवघडपणावर लिहिताना म्हटले की ड्रॅगन माणसाळवून त्यावर बसताही येते, पण त्याच्या गळ्याखाली एक छी (तेव्हाचे सुमारे 23 सेंटिमीटर) भागात उलटे खवले असतात. त्यांना स्पर्श झाला की स्वार मेला. यावरून 'नी लिन' (उलटा खवला). मर्मावर बोट ठेवणे हे आपले, पण चिनीत ते मर्म वरिष्ठाचे असते. बड्यांच्या वळचणीला जाणाऱ्यासाठी 'फान लोंग फू फंग' (ड्रॅगनवर चढणे, फिनिक्सला चिकटणे) आहे. 'लोंग यान दा युए', म्हणजे बादशहाचा चेहरा खुलला, हे आता साहेबाच्या मूडबद्दल हसत म्हणतात.

'थू लोंग ज जी' (ड्रॅगन मारण्याची विद्या) ताओवादी विचारवंत च्वांग-झ याच्या ग्रंथातली. जू फिंग-मान नावाच्या माणसाने घरचे हजार सुवर्ण घालवून तीन वर्षांत ही विद्या मिळवली, आणि ती वापरायला ड्रॅगनच सापडेना. उत्तम पण निरुपयोगी कौशल्याला हा शब्द नेमका बसतो.

बोलीत मात्र ड्रॅगन हरतोही. 'छ्यांग लोंग बू या दी-थोउ श', म्हणजे बलाढ्य ड्रॅगनही गावच्या सापाला दाबू शकत नाही. 'बळी तो कान पिळी' म्हणणाऱ्याला हे चिनी उत्तर.

मुलगा ड्रॅगन व्हावा

'वांग झ छंग लोंग' (मुलगा ड्रॅगन होईल अशी आस) आणि मुलीसाठी 'वांग न्यू छंग फंग' (फिनिक्स होईल) हे पालकांच्या महत्त्वाकांक्षेचे शब्द. कौतुकापेक्षा शिकवण्यांच्या ओझ्यावरची टीका म्हणून ते आता जास्त ऐकू येतात. यामागे पीत नदीवरच्या लोंग-मन (ड्रॅगनद्वार) या अरुंद घळीची कथा आहे. ती शान्शी प्रांतातले हान-छंग आणि शेजारच्या प्रांतातले ह-जिन यांच्या मध्ये आहे. प्रवाहाविरुद्ध उडी मारून जो कार्प मासा द्वार ओलांडतो तो ड्रॅगन होतो. ज्याची उडी चुकते तो कपाळावर खूण घेऊन परततो, आणि थांग कवींनी ही खूण परीक्षेत नापास होण्यासाठी वापरली. राजदरबारी परीक्षा 1905 मध्ये बंद झाल्या, उडी मात्र विद्यापीठ प्रवेशपरीक्षेकडे वळली. चिनी राशिचक्रात दर बारा वर्षांनी येणाऱ्या ड्रॅगनवर्षात मूल व्हावे ही इच्छाही यातलीच. चीनमध्ये 2023 साली 90.2 लाख जन्म झाले, 2024 च्या ड्रॅगनवर्षात 95.4 लाख. त्यात लांबलेल्या लग्नांचाही वाटा होता.

वापरातल्या चुका

'छ श्वेइ मा लोंग' (गाड्या पाण्यासारख्या, घोडे ड्रॅगनसारखे) हान काळातल्या मा सम्राज्ञीच्या उद्गारातून आला. माहेरच्यांच्या दारातली वाहनांची रीघ पाहून ती नाराज झाली होती. वर्दळ वाहनांची असेल तरच तो वापरावा. नुसती माणसांची गर्दी असेल तर चुकतो.

'शन लोंग श्यान शोउ बू श्यान वेइ' (ड्रॅगन डोके दाखवतो, शेपूट नाही) यातल्या क्रियापदाचा उच्चार 'जिएन' (पाहणे) असा करणारे पुष्कळ आहेत. काही जण ते 'श्यान' (प्रकट होणे) असे वाचतात. ठावठिकाणा न लागणाऱ्या माणसाला ते लावतात.

'लाओ थाय लोंग जोंग' म्हणजे म्हातारपणाने वाकलेला, अडखळत चालणारा. अक्षर ड्रॅगनचेच आहे, पण 'लोंग-जोंग' हा नादावर बनलेला जोडशब्द असून ड्रॅगनचा त्याच्याशी संबंध नाही. 'म्हातारा ड्रॅगन' असे त्याचे भाषांतर केले तर चिनी वाचक हसतो. याउलट नळाच्या तोटीला चिनीत 'श्वेइ लोंग-थोउ' म्हणतात, म्हणजे पाण्याच्या ड्रॅगनचे डोके, आणि तिथे ड्रॅगन खरोखर त्याच्या मूळ कामावर आहे.