हा आकडा मोजला कुणी?

माणसाचा आणि केळीचा ५० टक्के डीएनए सारखाच असतो, हे वाक्य विज्ञानाच्या शैक्षणिक पानांवर वारंवार भेटतं. जळगाव जिल्ह्यातल्या मुलांना ते चटकन आवडतं. रावेर, यावल, चोपड्याकडे केळी हा घरचाच विषय. मृगबाग आणि कांदेबाग हे केळी लागवडीच्या हंगामांचे शब्द तिथल्या मुलांच्या कानावर शाळेत जायच्या आधीच पडलेले असतात. अशा मुलांपुढे हे वाक्य ठेवायचं तर ते आधी तपासायला हवं. दहा ठिकाणी छापलंय म्हणजे ते दहांनी तपासलं असं होत नाही. आधी विचारायचं ते एवढंच: हे मोजलं कुणी, आणि नेमकं काय मोजलं?

केळीचा जीनोम, म्हणजे तिच्या पेशीतला सगळा डीएनए, वाचून २०१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पन्नास टक्क्यांचं वाक्य मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होतं. खरोखरची तुलना केली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, २०१३ साली, स्मिथसोनियन संग्रहालयासाठी बनवलेल्या एका चित्रफितीच्या निमित्ताने. त्यांनी डीएनएच्या सगळ्या लांबीची तुलना केलीच नव्हती. जनुकांपासून जी प्रथिनं तयार होतात, ती त्यांनी ताडून पाहिली. माणसाच्या सुमारे ६० टक्के जनुकांना केळीमध्ये ओळखू येईल असा जोडीदार सापडला आणि त्या जोड्यांमधली प्रथिनं सरासरी ४० टक्के सारखी निघाली. आता माणसाच्या डीएनएपैकी प्रथिनांचा आराखडा असलेला भाग जेमतेम २ टक्के. म्हणजे ‘निम्मा डीएनए सारखा’ हे विधान या मोजणीतून निघतच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि ती खानदेशातल्या वाचकाला सांगितलीच पाहिजे. ज्या झाडाचा जीनोम २०१२ मध्ये वाचला गेला, ते आपल्या बागेतल्या ग्रँड नैन या वाणाचं नव्हे. ते होतं मलेशियातल्या ‘पहांग’ या रानटी, बियांच्या केळीपासून प्रयोगशाळेत तयार केलेलं रोप. त्याच्या पेशीत २२ गुणसूत्रं, तर ग्रँड नैनच्या पेशीत तीन संच मिळून ३३. मुख्यतः तीन संचांमुळे आपल्या केळात बी धरत नाही आणि लागवड कंदांनी किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांनी करावी लागते. मग पानावर लिहायचं ते असं: माणसाच्या सुमारे ६० टक्के जनुकांशी नातं सांगणारी जनुकं केळीत आढळतात, कारण पेशीत ऊर्जा तयार करणं, डीएनएची नक्कल करणं ही मूलभूत कामं दोघांनाही एकाच फार जुन्या पूर्वजाकडून मिळाली आहेत. हे वाक्य पहिल्याइतकं चटपटीत नाही. पण मला ते अधिक विस्मयकारक वाटतं.

चुकीची माहिती स्वतःच स्वतःचा पुरावा कशी बनते, याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियावर लिहिलं की कोआटी या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात. वर्तमानपत्रांनी ते उचललं, काही पुस्तकांतही ते शिरलं, आणि मग तेच छापील उल्लेख विकिपीडियावर संदर्भ म्हणून लागले. म्हणून चांगले संपादक संदर्भ किती आहेत हे मोजत बसत नाहीत. त्यातला सर्वांत जुना कोणता आणि बाकीचे त्यावरूनच उतरवलेत का, हे ते पाहतात.

प्रामाणिक मोजणीसुद्धा बदलते. धुळे-नंदुरबारकडे काळ्या बेसॉल्टच्या भिंतीसारख्या सरळ रांगा, म्हणजे डाईक, जमिनीतून वर आलेल्या दिसतात. आपली कपाशीची काळी जमीनही याच लाव्हाच्या दगडातून झिजून तयार झाली. हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, असं आम्ही शाळेत शिकलो. त्याच सुमारास डायनोसॉर संपले आणि ती कालरेषा तेव्हा ६.५ कोटी वर्षांवर धरली जायची. किरणोत्सारी कालमापन सुधारत गेलं, तशी ती २००४ च्या भूवैज्ञानिक कालपट्टीत ६.५५ कोटींवर आणि २०१२ च्या कालपट्टीत ६.६ कोटींवर आली. जुन्या पुस्तकाने खोटं सांगितलं नव्हतं, त्याची तारीख मागे पडली होती. त्यामुळे आकड्याशेजारी वर्ष न लिहिणारं पान मी अपुरं समजतो.

दोन चांगले स्रोतच एकमेकांशी सहमत नसतील तर? फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ने दख्खनच्या लाव्हावर दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध केले. एका गटाने लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांतलं युरेनियम आणि शिसं मोजलं. त्यांच्या मते उद्रेकाचा एक मोठा टप्पा डायनोसॉर संपले त्या सुमाराच्या लघुग्रहाच्या आघाताच्या हजारो वर्षं आधीचा. दुसऱ्या गटाने बेसॉल्टमधल्या खनिजाचं आर्गॉन पद्धतीने वय काढलं. त्यांच्या हिशेबात बहुतांश लाव्हा आघातानंतर बाहेर पडला. अशा वेळी आपल्याला पटेल ते एक उत्तर निवडायचं नसतं. दोन्ही निष्कर्ष, दोन्ही पद्धती आणि नमुने कुठले हे सगळं लिहायचं. हे नमुने प्रामुख्याने सह्याद्रीच्या थरांतले होते. धुळ्याच्या डाईकचं वय सांगायचं असेल, तर त्या डाईकवर झालेली मोजणीच शोधावी लागते.

जिथे वाचक वाचलेलं लगेच करून बघणार असतो, तिथे जबाबदारी आणखी वाढते. समजा, केळी किंवा कपाशीवरच्या कीटकनाशकाची मात्रा लिहायची आहे. ओळखीच्या दुकानदाराने सांगितलेली किंवा फिरत आलेल्या मेसेजमधली मात्रा इथे अजिबात चालत नाही. त्या औषधाला त्या पिकासाठी आणि त्याच किडीसाठी लेबल क्लेम, म्हणजे वापराची अधिकृत मंजुरी, आहे का, हे केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या यादीत बघावं लागतं. शिफारस राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राशी ताडून घ्यावी लागते. मान्यता रद्द होतात, याद्या बदलतात, म्हणून मागच्या हंगामात तपासलेलं पान या हंगामात पुन्हा तपासायचं. एककांचा घोटाळा तर फार सहज होतो. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. हेक्टरी ५०० मिलिलिटर असलेली मात्रा उतरवताना ‘एकरी’ पडली, तर शेतात अडीचपट औषध जातं. त्यात आपल्याकडे शेतकरी हिशेब करतो तो १५ लिटरच्या पंपावर. तेव्हा मूळ आकडा, तो पंपाला किती येतो याचं गणित, पाण्याचं प्रमाण, काढणीआधी किती दिवस थांबायचं आणि तपासल्याची तारीख हे सगळं एकाच चौकटीत हवं. ते गणित लिहिणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाने, कोऱ्या कागदावर, पुन्हा करून बघायचं आणि उत्तर जुळलं तरच पान पुढे सोडायचं.