नॅशव्हिलचे ६५० : कंट्री संगीत टिकले कसे

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र एका विमा कंपनीने ५ ऑक्टोबर १९२५ रोजी सुरू केले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ७७ वर्षांचा एक फिडलवादक मायक्रोफोनपुढे बसला आणि शनिवारच्या गाण्याबजावण्याचा पायंडा पडला. 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव त्याला १९२७ मध्ये मिळाले. शहरातल्या प्रतिष्ठितांना हे गावरान 'कंट्री' संगीत नकोसे होते. पण विमा एजंटांची गिऱ्हाइके गिरण्यांत आणि खेड्यापाड्यांतच होती.

१९३२ मध्ये प्रक्षेपण ५० किलोवॅटवर गेले. ६५० किलोहर्ट्झ ही वारंवारता रात्री याच केंद्रासाठी राखून ठेवलेली होती, त्यामुळे अंधार पडला की ते कित्येक राज्यांत ऐकू येई.

खरा वाद मात्र पुढे, २००१ च्या अखेरीस झाला. मालक कंपनी संगीत बंद करून एएमवर, म्हणजे याच ६५० च्या मध्यम लहरींवर, क्रीडाचर्चा सुरू करण्याच्या विचारात असल्याचे बाहेर आले. हिशेब समजण्यासारखा होता. संगीताचा श्रोता एव्हाना एफएमकडे वळला होता, उरलेला वयस्कर होता आणि जाहिरातदारांना तरुण हवे होते. पण हा हिशेब अपुरा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑप्रीची कीर्ती ज्या लहरींवर उभी राहिली, त्या लहरींना निव्वळ नफ्यातोट्याच्या रकान्यात कसे बसवायचे? श्रोते आणि गायक निषेधासाठी केंद्राबाहेर जमले. जानेवारी २००२ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि कंट्री कायम राहिले.

या माघारीला श्रोत्यांचा विजय म्हणतात, आणि तो होताच. मात्र पुढच्याच वर्षी जोडीचे एफएम केंद्र विकले गेले, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. एएम वाचले, पण ते आता एकटे पडले होते.

मे २०१० च्या पुरात स्टुडिओ सोडावा लागला, तेव्हा कार्यक्रम नॅशव्हिलजवळच्या ब्रेंटवुडमधल्या केंद्राच्या मनोऱ्याशेजारच्या प्रक्षेपण इमारतीतून चालवले गेले. १९३२ चा सुमारे ८०० फुटी हिऱ्याच्या आकाराचा तो मनोरा आजही वापरात आहे आणि ऑप्री आजही ६५० वर लागते.