काळजी करणे आणि काळजी घेणे

‘उद्याची चिंता करू नका’ (बायबल, मत्तय ६:३४) हे प्रभू येशूचे वचन संडे स्कूलच्या लेकरांनाही पाठ असते. मोठी माणसे मात्र ते नेमके नको तिथे काढतात. जामीनकीच्या कागदावर सही करताना, शुगरची गोळी बंद करताना, जूनमध्ये भरायची फी डिसेंबरात नाताळाच्या कपड्यांवर उडवताना. वर ‘देव बघून घेईल’ म्हटले की तो विश्वास ठरतो आणि हिशेब विचारणारा अल्पविश्वासी. हा घोळ आता थांबायला हवा.

वचनाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो पुन्हा सांगत नाही. देव आकाशातल्या पाखरांना पोसतो, रानातल्या फुलांना नटवतो, म्हणून आधी त्याचे राज्य शोधा. अडचण पुढची आहे.

मराठीत काळजी एकच, पण क्रियापद बदलले की गोष्ट उलटी होते. काळजी ‘करणारा’ रात्रभर कूस बदलतो आणि सकाळी परिस्थिती जिथल्या तिथे असते. काळजी ‘घेणारा’ उठून काहीतरी करतो. नवा करार मूळ ज्या ग्रीक भाषेत आहे, तिच्यातही हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. मत्तय ६ मध्ये ‘मेरिम्नाओ’ हे क्रियापद मनाईसाठी येते, आणि फिलिप्पैकरांस पत्रात (२:२०) प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याचे कौतुक करताना तेच वापरतो, कारण तो मंडळीची मनापासून काळजी वाहणारा आहे. म्हणजे प्रभूने उद्याचा विचार करायला मनाई केलेली नाही. उद्याच्या भीतीखाली आजचा दिवस गाडायला मनाई केली आहे. त्याच प्रभूने लूक १४:२८ मध्ये विचारले आहे की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करणार नाही?

पाखरांचे उदाहरण तर फारच उलटे वापरले जाते. पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, कोठारात साठवीत नाहीत, म्हणून आपणही काही करू नये, असा त्याचा अर्थ लावतात. वचनाचा रोख वेगळा आहे. ज्यांना पेरता येत नाही त्यांनाही पिता खाऊ घालतो, मग ज्यांना त्याने पेरायला हात दिले त्यांनी घाबरायचे कशाला? आणि चिमणी तरी घरट्यात चोच उघडून कुठे बसते? दिवस उगवल्यापासून दाणे शोधत फिरते.

मराठवाड्यातल्या माणसाला हा फरक शेतात बरोबर कळतो. मृगाचा पहिला सडाका पडला म्हणून शहाणा शेतकरी सोयाबीन पेरत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला ७५ ते १०० मिमी पाऊस होईपर्यंत थांबण्याचा आहे. घरचे बियाणे असेल तर १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींनी मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे आणि सात दिवसांनी उगवलेले मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरते, ६० उगवले तर ३५ किलो लागते. ही चाचणी चुकवली आणि पाऊस लांबला की दुबार पेरणी आली. बियाण्याचा दुसरा खर्च, मजुरीचा दुसरा खर्च, आणि हंगाम मागे. चाचणी घेणाऱ्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही, मग घरखर्चाचा कागद मांडणाऱ्याला का म्हणायचे? गलतीकरांस ६:७ मध्ये माणूस जे पेरतो तेच कापतो हा नियम लिहिला आहे, आणि तो फक्त पापाला लागतो, व्याजाला लागत नाही, असे कुठेही म्हटलेले नाही.

व्याजाचेच घ्या. लग्नासाठी ‘शेकडा तीन’ने, म्हणजे महिन्याला तीन टक्क्यांनी, एक लाख उचलले. वर्षाचे व्याज ३६,००० रुपये. तीन वर्षे नुसते व्याजच भरले तरी १,०८,००० गेले आणि मुद्दल तसेच उभे. व्याजही थकले आणि त्यावर व्याज चढत गेले, तर तीन वर्षांत देणे सुमारे २,९०,००० होते. हा आकडा सही करायच्या दिवशीही काढता येतो, पाच मिनिटांचे काम आहे. ‘वेळ आल्यावर प्रभू दार उघडेल’ असे म्हणून तो न काढणे म्हणजे मंदिराच्या शिखरावरून उडी घेणे. सैतानाने प्रभूला ती उडी घ्यायला सांगताना, देवदूत झेलतील असे वचनच म्हणून दाखवले होते, आणि प्रभूचे उत्तर होते की देवाची परीक्षा पाहू नकोस (मत्तय ४:५-७).

जामीनकीवर तर शास्त्र इतके उघड बोलते की त्याकडे दुर्लक्ष होतेच कसे, हे कळत नाही. नीतिसूत्रे ६:१-५ आणि २२:२६-२७ काढून वाचा, अंगाखालचे अंथरूणसुद्धा जाईल, असे तिथे लिहिले आहे. रविवारी उपासनेनंतर एखादा बंधू पतसंस्थेचा फॉर्म पुढे करतो आणि भिडेपोटी सही होते. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, वेगळे ठरले नसेल तर वसुली थेट त्याच्याकडूनही होऊ शकते. मदत करायचीच असेल तर जेवढे बुडाले तरी घर हलणार नाही तेवढे पैसे हातात द्या आणि परत येतील ही आशा सोडून द्या. तेही प्रेमच आहे, आणि सहीपेक्षा खरे आहे.

औषधांबाबत तडजोड नको. आरोग्याच्या प्रार्थनेनंतर बरे वाटले म्हणून बीपीची गोळी बंद करू नये. रक्तदाब वाढलेला असताना बहुधा काहीच जाणवत नाही, आणि आतून मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा होत राहते. प्रभूने बरे केले असेल तर ते मोजणीत दिसेलच. गोळी कमी करायची की थांबवायची हे रीडिंग बघून डॉक्टर ठरवतील. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते (१ तीमथ्य ५:२३), ‘विश्वास ठेव आणि सोसत राहा’ असे लिहिले नाही.

बाकीचे प्रश्न किरकोळ आहेत. विमा काढणे अविश्वास आहे का? नाही. भिशी चालते का? हिशेब चोख आणि माणसे ओळखीची असतील तर चालते.

उलटी चूकही होते, आणि ती ओळखणे अवघड, कारण ती तरतुदीच्या कपड्यांत येते. लूक १२ मधल्या दाखल्यातला धनवान आपले पीक साठवायला कोठारे मोडून मोठी बांधणार होता. योसेफानेही मिसरात कोठारे भरली, येणाऱ्या दुष्काळासाठी सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढून. एकाला देवाने मूर्ख म्हटले, दुसऱ्याच्या हातून देश वाचवला. कोठाराचा दोष नव्हता. योसेफाला किती साठवायचे, किती वर्षे आणि कोणासाठी, हे माहीत होते. धनवानाच्या बोलण्यात ‘माझे’ सोडून कोणी नाही. दुसरा प्लॉट, तिसरी पॉलिसी, तरी झोप नाही आणि दशांश (देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मात्र ‘या वर्षी जमत नाही’, असे चालले असेल तर ती काळजी घेणे राहिलेले नाही. योसेफासारखी तरतूद मंडळीलाही करता येते. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. प्रार्थनामंदिराच्या हजार चौरस फूट पत्र्यावर १०० मिमी पाऊस पडला की सुमारे ९,३०० लिटर पाणी येते, गळती-बाष्प वजा जाता सात हजार धरा. एक पन्हळ, एक गाळणी आणि एक टाकी लागते, आणि हे सगळे पावसाळ्याआधीच्या एका बैठकीत ठरवता येते.

घरात हे करायचे तर शनिवारी रात्री वही घ्या. मनात जे घोळते ते एका ओळीत लिहा. शेजारी या आठवड्यात करता येईल असे एकच काम, रक्कम आणि तारीख. ‘खर्च कमी करू’ असे लिहू नका, ते काम नव्हे. ‘१० तारखेच्या आत फीचे २,००० वेगळ्या खात्यात’ हे काम. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही, उदाहरणार्थ पाऊस, लेकराचा निकाल, बायोप्सीचा रिपोर्ट, ती फिलिप्पैकरांस ४:६ प्रमाणे नाव घेऊन, उपकारस्तुतीसह देवापुढे मांडा आणि वही मिटा. इथे दोन ठिकाणी गडबड होते. जिथे काम लिहिता येत होते तिथे नुसती प्रार्थना लिहिली जाते, नाहीतर प्रार्थना झाल्यावर तीच ओळ रात्री दोन वाजता पुन्हा उघडली जाते. स्तोत्र १२७ मध्ये परमेश्वर नगराचे रक्षण करत नसेल तर पहारेकऱ्याचे जागणे व्यर्थ म्हटले आहे, पण पहारेकऱ्याला घरी जायला सांगितलेले नाही. झोपेचे दान त्याच स्तोत्रात पुढच्या ओळीत आहे.